दोन ते चार

बैठक रविवारी सकाळी दहाला ठरली होती, म्हणून साडेअकरापर्यंत सगळे जमले. जागा कपडे वाळवायच्या पटांगणाची. घरात एवढी माणसं मावतील अशी खोली आता उरली नव्हती. मागच्या बैठकीला निम्मे लोक जिन्यावर बसले होते, आणि ठराव खालच्या पायरीपर्यंत पोचेपर्यंत उलटा होऊन गेला होता. चारही बाजूंनी हॉटेलांच्या पांढऱ्या चादरी लटकत होत्या आणि मधल्या चौकोनात त्या चादरी धुऊन मोठं झालेलं खानदान बसलं होतं.

अक्का पंपघराच्या दाराशी, पालथ्या घातलेल्या टबवर बसली. चार भावंडांत ती सगळ्यांत मोठी, एकाहत्तर वर्षांची, बिनलग्नाची. पंपघराच्या कुलपाची किल्ली कमरेला. बैठक कशासाठी बोलावली आहे ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती, कारण सकाळपासून तीन भावजयांनी आणि दोन सुनांनी तिला वेगवेगळा चहा आणून दिला होता.

"तर आनंदाची बातमी आहे," शेठ उभा राहून म्हणाला. हा अक्काच्या पाठचा भाऊ. त्याने आयुष्यात कधी पेढी काढली नव्हती, पण पोट लवकर सुटल्यामुळे सगळे त्याला तरुणपणापासून शेठच म्हणत. "आमच्या धाकट्या सूनबाईंना जुळं होणार आहे. डॉक्टरांनी पडद्यावर दोन्ही डोकी दाखवली."

"वा, वा!" असा आवाज झाला आणि लगेच विरला. जो तो मनातल्या मनात बेरीज करू लागला. अक्काने ते चेहरे ओळखले. ह्या घरात मूल झाल्याचं कळलं की माणसं आधी घड्याळाकडे बघत, मग बाळाकडे.

ह्याला कारण बाबांचा नियम. बाबांनी ही विहीर स्वतः खणली, तिच्यावर धुलाईचा धंदा उभा केला आणि मुलगे भांडू लागले तेव्हा वाटणी करून टाकली. जमीन वाटली नाही, विहीर वाटता येत नव्हती, म्हणून दिवस वाटला. डोक्यामागे अर्धा तास पंप. ज्याच्या घरात तोंडं जास्त, त्याला पाणी जास्त लागणार, इतका साधा आणि सरळ विचार होता बिचाऱ्यांचा. मुलग्यांनी तो ऐकून घेतला, मान डोलावली आणि नेमका उलटा समजून घेतला. ज्याला पाणी जास्त हवं, त्याने तोंडं वाढवावीत. मग काय विचारता! शेठला पाच, मधल्याला पाच, आणि धाकट्याला सहा, कारण त्याचं लग्न उशिरा झालं आणि त्याला मागचं भरून काढायचं होतं. लग्न होऊन मुलगी गेली की तिचा अर्धा तास जाई, सून आली की वाढे. त्यामुळे ह्या घरातल्या मुली खूप शिकत आणि मुलगे लवकर बोहल्यावर चढत. बाहेरचे लोक म्हणत, मुलींना शिकवणारं किती पुढारलेलं घर!

"चव्वेचाळीस डोकी," मधला भाऊ बोलला. ह्याने दोन वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. ती शाळा त्यातून सावरली, पण तो अजून मास्तरच होता. "चव्वेचाळीस डोकी म्हणजे बावीस तास. अक्काचे दोन तास. झाले चोवीस. आता जुळ्यांचा एक तास कुठून आणायचा? दिवस तर वाढत नाही."

"पोरं धरायचीच कशाला लगेच?" धाकटा म्हणाला. त्याला सगळे राजा म्हणत. पन्नाशी उलटली तरी त्याचं शेंडेफळपण गेलं नव्हतं. "चालायला लागल्यावर धरू."

"तुझी सहाच्या सहा तर नाळ कापायच्या आधी धरली होतीस," शेठ उसळला. "सहाव्याच्या वेळी तू दवाखान्यातून फोन केलास, 'मुलगा झाला, पंप सुरू करा'. आठवतंय का? की मी आठवण करून देऊ?"

"दादा, तेव्हा दिवसात जागा होती."

"आता नाही, कारण तू ती भरलीस!"

अक्काला हसू आलं आणि तिने ते दाबलं. अजून कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. पण तिच्याकडे न बघण्याची एक तऱ्हा असते, आणि सगळं पटांगण ती पाळत होतं.

शेवटी मास्तरनेच घसा साफ केला. "नाहीतरी अक्काच्या दोन तासांत पंप बंदच असतो."

हे मात्र खरं होतं. दुपारी दोन ते चार ही अक्काची पाळी. ती ह्या वेळात पंपघराला आतून कडी घालून खुर्चीत बसून राही. ना धुणं, ना टाकी भरणं. घरात ह्याला 'आत्याची झोप' म्हणत. बाबांनी लेकीला डोक्यामागे अर्ध्याऐवजी दोन तास दिले, तेही ती जिवंत असेपर्यंत, म्हणून तिन्ही भाऊ चाळीस वर्षं मनात कुढत आले होते. आणि बाई तेवढंही वापरत नव्हती.

"म्हातारपणी झोप लागतेच," शेठ गोड आवाजात म्हणाला. "तर अक्का, तू घरात पलंगावर झोप. पंख्याखाली. आम्ही तुला रोज प्रत्येकी एक बादली पाणी देऊ. म्हणजे तीन बादल्या! एकट्या माणसाला काय लागतं गं?"

"आणि नव्या दवाखान्याचं काम घेतलंयस, ते बोल की," अक्का म्हणाली.

शेठ गोरामोरा झाला. राजाने आणि मास्तरने एकदमच माना वळवल्या. "कुठल्या दवाखान्याचं?"

"रोज बाराशे चादरी. परवाच करार केलाय ह्याने," अक्काने सांगितलं. "माणसं नमुना घेऊन पंपघरापाशी आली होती."

"असं होय!" राजा उठून उभा राहिला. "म्हणजे जुळी पोरं पुढे करून तू दवाखाना धुणार! अक्का, मी तुझ्या बाजूने. बाबांचा शब्द म्हणजे शब्द. हे दोन तास हलणार नाहीत."

"मीसुद्धा," मास्तर म्हणाला.

एक क्षणभर अक्काला फार बरं वाटलं. भाऊ शेवटी भाऊच, असंही तिच्या मनात येऊन गेलं. आणि त्या भरात तिने चाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बोलून टाकली.

"मी झोपत नाही तिथे," ती म्हणाली. "विहीर झोपते. दिवसभर उपसा झाला की पाणी खाली जातं. ह्या दोन तासांत झरे चालतात आणि ते परत वर येतं. बाबांना ते ठाऊक होतं. त्यांना हेही ठाऊक होतं की, विहिरीला दोन तास द्या म्हटलं तर तुम्ही देणार नाही. लेकीला दिले म्हटलं तर रागवाल, पण द्याल. म्हणून माझ्या नावावर ठेवले. मला म्हणाले, दोन वाजता आतून कडी घाल आणि बस. कोणाला सांगू नकोस."

कुठेतरी एका बाळाने ढेकर दिली.

अक्काने सगळं सांगितलं नव्हतंच. ती एकतिशीची असताना एक घड्याळ दुरुस्त करणारा तिला मागणी घालायला आला होता. उंच, कमी बोलणारा, बोटं फार स्वच्छ. तिला तो आवडला होता. बाबांनी त्याला नाही म्हटलं नाही. रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी फक्त तिला विचारलं, "मग दोन वाजता कोण बसेल?" तिने त्या माणसाला नकार कळवला. पुढे कित्येक वर्षं ती त्या खुर्चीत बसून एकच विचार करायची. ते दोन तास बाबांनी लेकीला दिले होते, की लेक विहिरीला दिली होती? उत्तर ठाऊक होतं, म्हणून तर प्रश्न सुटत नव्हता.

"विहीर झोपते!" मास्तर हसला. "अक्का, विहीर काय म्हैस आहे?"

"बघायचंय? चला."

तिने खुंटीवरची दोरी काढली. हाताहातावर गाठी मारलेली, टोकाला लोखंडाचा गोळा बांधलेली बाबांची दोरी. बाबांच्या वेळी पाणी चौथ्या गाठीला लागे. आता, दोन वाजेपर्यंत सगळ्यांना थांबवून, त्यांच्या डोळ्यांदेखत तिने दोरी सोडली ती चौदाव्या गाठीला ओली झाली. विसाव्या गाठीला तळ. मग तिने कुलूप लावलं. चव्वेचाळीस माणसं दोन तास चादरींच्या सावलीत बसून राहिली. असा एकोपा ह्या घराने पूर्वी कधी पाहिला नव्हता. चार वाजता तिने पुन्हा दोरी सोडली. अकरावी गाठ.

"बघितलंत?" अक्का म्हणाली. "हे दोन तास काढलेत तर विहीर जाईल."

सगळे विहिरीच्या कठड्यावर वाकले होते. सगळ्यांना पटलं होतं. ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं, आणि अक्काचा जीव भांड्यात पडला.

"तीन गाठी," मास्तर पुटपुटला. "दोन तासांत तीन हात पाणी." त्याचे डोळे चमकू लागले. "अरे, म्हणजे रोज तीन हात पाणी येतंय, आणि आपण ते वापरतच नाही!"

"चाळीस वर्षं!" शेठ म्हणाला.

"चाळीस वर्षं रोज तीन हात!" राजाने कपाळावर हात मारला. "कुठे गेलं असेल हो ते सगळं?"

"तुमच्याच टाक्यांत गेलं रे!" अक्का ओरडली. "चार वाजल्यानंतर तुम्ही तेच तर उपसता!"

पण आता तिचं कोण ऐकतंय! मास्तरने काडीने जमिनीवर गणित मांडलं होतं. दोन तासांना तीन, तर चोवीस तासांना छत्तीस. विहीर सगळी मिळून वीस हात. म्हणजे उपसलं नाही तर ती भरून सोळा हात वर उडेल. हा धोका वेळीच लक्षात आला म्हणून दोन-तीन जणांनी समाधानही व्यक्त केलं. अक्काने त्याला सांगून पाहिलं की, पाणी एका पातळीला येऊन थांबतं. त्यावर मास्तर म्हणाला, "अक्का, तुझं शिक्षण किती, तू बोलतेस किती?"

मग वाटाघाटी झाल्या, आणि त्या करायला भाऊ चादरींच्या आड गेले. अक्काला सावल्या दिसत होत्या. आधी पोटाची सावली आणि काडीची सावली बोलली, मग राजाची सावली हातवारे करत आत घुसली, मग तिन्ही एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आल्या. दोन ते तीन जुळ्यांना. तीन ते साडेतीन मास्तरला. साडेतीन ते चार राजाला. अक्काच्या बाजूने पहाडासारखे उभे राहिलेले दोन्ही भाऊ अर्ध्या-अर्ध्या तासात विरघळले होते.

"बाबांचा शब्द?" अक्काने राजाला विचारलं.

"बाबांचा शब्द होता डोक्यामागे अर्धा तास," राजा नजर चुकवत म्हणाला. "आम्ही तोच पाळतोय, अक्का. तुझेच दोन तास नियमाबाहेर होते."

हात वर करून मत घेतलं. ज्यांना अजून हात वर करता येत नव्हते, त्यांचे हात त्यांच्या आयांनी धरून वर केले. एक सात महिन्यांचं पोर झोपलेलं होतं, त्याचंही मत पडलं. फक्त एकच माणूस हात खाली ठेवून बसलं होतं. शेठची धाकटी सून. ती फाटक्या चादरी शिवायचं काम करायची, आणि आत्ताही मांडीवरची, पोटाला अडणारी चादर बाजूला सारत टाके घालत होती.

"अगं, तुझ्याच पोरांसाठी चाललंय," शेठ तिला म्हणाला. "हात वर कर."

"सुईत दोरा आहे, मामंजी," ती म्हणाली. तिने हात वर केला नाही.

अक्काने किल्ली काढून शेठच्या हातात ठेवली. कमरेला इतक्या वर्षांनी हलकं वाटलं आणि ते हलकेपण तिला मुळीच आवडलं नाही. त्या रात्री ती पंख्याखाली पलंगावर पडून खूप रडली. पंपासाठी नाही, तर त्या घड्याळवाल्यासाठी. इतक्या उशिरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता पंप चालू राहिला. चोवीस तास उपसा सुरू झाला आणि घरात प्रगतीचे वारे वाहू लागले. शेठने जुळ्यांची पाळी जुळी येण्याआधीच आगाऊ वापरायला घेतली. मास्तरने एक नवं यंत्र आणलं. राजाने सातव्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा त्याची बायको तीन दिवस माहेरी जाऊन राहिली. अक्काला रोज तीन बादल्या मिळत. पहिल्या आठवड्यात स्वच्छ मिळाल्या. दुसऱ्या आठवड्यात बादलीच्या तळाशी बोटभर गाळ बसू लागला. तिसऱ्या आठवड्यात पंपाने ढास लागल्यासारखा आवाज काढला, हवा ओढली, आणि दवाखान्याच्या बाराशे चादरी चहाच्या रंगाच्या होऊन बाहेर आल्या.

दवाखान्याने करार मोडला. शेठ अंथरुणाला खिळला. पुन्हा बैठक झाली, आणि सगळ्यांच्या मते दोष अक्काचा ठरला. तिने चाळीस वर्षं विहिरीला आराम करायची सवय लावून ठेवली होती, म्हणून ती आता काम करायला तयार नव्हती. मास्तरने उपाय सुचवला की, डोक्यामागे अर्ध्या तासाऐवजी वीस मिनिटं धरावीत, म्हणजे दिवसात बहात्तर डोकी बसतील. हा उपाय सर्वांना आवडला. दोरी मात्र कोणी सोडून पाहिली नाही. अक्काने पाहिली. अठरावी गाठ ओली झाली आणि गोळा चिखल घेऊन वर आला.

"तासांची वाटणी करताय," ती बैठकीत म्हणाली. "पाण्याची कोण करणार?"

"ते पुढच्या बैठकीत घेऊ," मास्तर म्हणाला.

पुढची बैठक व्हायच्या आत जुळी झाली. एक मुलगा, एक मुलगी. शेठ अंथरुणातून उठला, पंपघराच्या भिंतीवर पाळ्यांच्या यादीत दोन नव्या ओळी स्वतःच्या हाताने रंगवून आला आणि लगेच टाकीचा नळ तपासू लागला. वीस मिनिटांचा ठराव अजून पक्का झाला नव्हता, म्हणून दोन ते तीन पूर्ण तास जुळ्यांचा.

बाराव्या दिवशी दुपारी दोनला पाच मिनिटं कमी असताना धाकटी सून पंपघरापाशी आली. दोन्ही खांद्यांवर दोन पोरं. तिने शेठपुढे हात केला.

"किल्ली द्या, मामंजी."

"किल्ली कशाला? मी लावतो ना पंप."

"अंगावर पिणाऱ्या पोराची पाळी आई सांभाळते. आजेसासऱ्यांचा नियम आहे, भिंतीवर लिहिलाय. सगळ्यांत खाली."

नियम होता. बाबांचा बापांवर विश्वास नव्हता म्हणून त्यांनी तो करून ठेवला होता. चाळीस वर्षांत प्रत्येक आईने ती पाळी नवऱ्याच्या हाती देऊन टाकली होती, म्हणून तो नियम आहे हेच लोक विसरून गेले होते. शेठ भिंतीपाशी जाऊन वाकून वाचत राहिला. आपणच रंगवलेल्या ओळींखाली तो होता.

धाकट्या सुनेने किल्ली घेतली आणि ती सरळ अक्काच्या खोलीत गेली. किल्ली तिच्या हातात ठेवली आणि मग मुलगीही तिच्या मांडीवर ठेवली.

"आत्या, ह्या दोघांची पाळी आहे. दोघंही आत्ताच झोपलीत. पंप लावला तर उठतील."

अक्काने त्या एवढ्याशा तोंडाकडे पाहिलं. ह्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी घड्याळाआधी बाळाकडे बघत होतं.

दोघी पंपघरात गेल्या आणि आतून कडी घातली. बाहेरून शेठने दार वाजवलं, मग समजूत घातली, मग वंशाचा उद्धार कसा होणार असं विचारलं. आतून उत्तर आलं, "हळू बोला, झोपलीत." तासभर पंप बंद राहिला. इतक्या आठवड्यांनी घरात असा आवाज नसणं ऐकू आलं, की गल्लीतले लोक बाहेर येऊन कोणी गेलं की काय विचारू लागले.

तीन वाजायला आले तेव्हा अक्काने पंपघराच्या विहिरीकडच्या खिडकीतून दोरी सोडली. सतरावी गाठ अर्धी ओली होती. एक हातसुद्धा नाही. चिखल मात्र नव्हता.

"वर आलं?" धाकट्या सुनेने विचारलं.

"थोडं आलं गं."

दारावर टकटक झाली. मास्तर आला होता, हातात घड्याळ घेऊन. त्याची पाळी तीनला सुरू होत होती.

"अजून तीन मिनिटं आहेत," अक्का आतून म्हणाली.

मांडीवरच्या पोरीला तिने नीट केलं, आणि भावाला ती तीनही मिनिटं बाहेर उभं केलं.